तीनदा विचारलं

पर्थ, १७ नोव्हेंबर २०२४

प्रिय रिंझिन,

तुझ्या सेल्डनचा व्हिसा आल्याचं मला थिनलेकडून कळलं. तुझ्याकडून कळलं असतं तर बरं वाटलं असतं, पण वीचॅटवर तुझ्या नावापुढे दीड वर्ष नुसता राखाडी चौकोन दिसतोय, तेव्हा ती तक्रार करण्यात अर्थ नाही. थिनलेची मेहुणी परवा घरी निघालीय. तिच्याजवळ हे पत्र देतेय. ती त्राशीगांगपर्यंत जाणार आहे, तुझ्या दुकानात स्वतः आणून देईन म्हणाली.

मुद्द्याचं आधी लिहिते. सेल्डन फेब्रुवारीत नर्सिंगला येतेय. तिने आमच्याकडे राहावं. मागची खोली रिकामी आहे. खिडकीबाहेर लिंबाचं झाड आहे आणि बसचा थांबा चार मिनिटांवर. तिच्या कॉलेजला एकच बस जाते, बदलावी लागत नाही. माझ्या नामगेने भिंती पुन्हा रंगवल्यात. एकोणीस वर्षांच्या मुलीने अनोळखी माणसांत गादी टाकून झोपावं असं मला वाटत नाही, आणि तुलाही वाटत नसणार. ते कसं असतं हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे?

तू इथे आलीस तेव्हा 'नको' म्हणालीस, म्हणून ती खोली रिकामी राहिली. मी विचारलं होतं, हे तुला आठवत असेल. मी आज वही काढून बघितली. १७ जुलै २०२२, रविवार. 'नदीकाठी जेवण. रिंझिन, थिनले, मी. वीस वर्षांनी तिघं एकत्र. खूप हसलो. परतताना रिं.ला आपल्याकडे राहायला विचारलं. नको म्हणाली.' एवढंच आहे. वहीत काय वाटेल ते लिहिता येतं, असं दुसरं कुणी म्हणालं असतं. पण यांगचेन वहीत खोटं लिहीत नाही, हे कांगलुंगच्या कॉलेजात तूच सगळ्या होस्टेलला सांगत फिरायचीस.

तो दिवस चांगला होता ना? तुला येऊन चारच दिवस झाले होते. गवतावरून तू चालत आलीस ती किरा नेसून, वर तेगोचं इस्त्रीचं जाकीट, जशी काही शिक्षण खात्याची बैठक आहे. आम्ही दोघं ट्रॅकपँटीत. थिनले मिरच्या परतत होता, तुला बघून चिमटा हातात धरून सरळ उभा राहिला.

"उठा रे उठा, व्हाइस-प्रिन्सिपल मॅडम आल्या! हजेरी होणार."

तू म्हणालीस, "तुझी काय हजेरी घ्यायची, दाशो? तीन वर्षांत वर्गात दिसलास किती वेळा?"

"इथे दाशो-साहेब काही म्हणायचं नाही. इथे मी सतरा मजल्यांचा मालक आहे."

"मालक?"

"सतराच्या सतरा मजल्यांचे संडास माझ्या ताब्यात. हा किल्ल्यांचा जुडगा बघ. आपल्या जिल्हा-कचेरीच्या अख्ख्या झोंगमध्ये आहेत का कुणाकडे एवढ्या किल्ल्या?"

तू खूप हसलीस. मग हसता हसता थांबून म्हणालीस, "खरंच?"

"खरंच तर. आणि ही यांगचेन—"

मिरच्या करपताहेत, असं ओरडून मी तव्याकडे धावले.

हे सगळं आठवण म्हणून लिहिलं. पुढे जे झालं ते तुला माहीत आहे आणि मलाही. ते सेल्डनच्या खोलीच्या आड येऊ नये, एवढंच माझं म्हणणं. कळव.

तुझी,
यांगचेन


पर्थ, ८ डिसेंबर

रिंझिन,

काल थिनले तांदळाचं पोतं घेऊन आला. आता वाण्याचं कामही करतो शनिवारी-रविवारी. पोतं ठेवलं, खुर्चीवर बसला आणि चहा पिऊन होईपर्यंत काही बोलला नाही. थिनले आणि गप्प! मी समजले.

"पत्र पोचलं?"

"पोचलं."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, अक्षर अजून छान आहे."

"आणि?"

"आणि एक निरोप आहे. पण मी पोस्टमन आहे हं. माझ्या अंगावर भांडी फेकायची नाहीत."

"सांग ना."

"म्हणाली, तिला विचार, या खेपेला शेवटी 'का' आहे की नाही?" कप खाली ठेवून तो म्हणाला, "शाळा सुटली, पण बाईंचं व्याकरण काही सुटलं नाही."

कसला 'का', हे त्याने मला विचारलं नाही. मीही त्याला विचारलं नाही. त्या दिवशी गाडी तोच चालवत होता.

गेल्या पत्रात मी वहीतलं जसंच्या तसं उतरवलं. त्यात खोटं काही नव्हतं. पण मी ते वाक्य पुन्हा वाचलं आणि माझ्या लक्षात आलं की 'विचारलं' या शब्दाखाली बरंच काही मावतं. म्हणून जे वहीत नाही ते लिहिते. चुकत असेन तर दुरुस्त कर.

तू मागे बसली होतीस, मी तुझ्या शेजारी. मांडीवर तुझी पिशवी. तू त्या ओळखीच्या बाईंकडे बुधवारपर्यंतच राहू शकत होतीस, कारण त्यांचा भाऊ येणार होता. हे तू जेवताना दोनदा सांगितलंस. एकदा मिठाची बाटली देताना आणि एकदा उगीचच. मग सिग्नल लागला. आणि मी म्हणाले, "तुला आमच्याकडे राहायचंय का?"

तेही इंग्रजीत. सकाळपासून आपण तिघं आपल्या भाषेत बोलत होतो, भांडत होतो, शिव्यासुद्धा आपल्याच भाषेतल्या. हे एवढं एक वाक्य मी इंग्रजीत का बोलले? मी तेव्हाही स्वतःला विचारलं होतं. उत्तर असं दिलं होतं, की इथली अडीच वर्षांची सवय. इथे सगळे तसंच विचारतात. कॉफी हवी का, मदत हवी का, लिफ्ट हवी का. समोरचा हो म्हणतो किंवा नाही म्हणतो आणि दोघं आपापल्या कामाला लागतात. त्यात काही वाईट नाही.

तुझा हात तोंडावर गेला. "मेशु, मेशु. नको नको, तुम्हाला कशाला त्रास."

"बरं," मी म्हणाले. "काही लागलं तर सांग."

हिरवा दिवा लागला.

तुझा हात लगेच खाली आला नाही, रिंझिन. ते मी बघितलं. आपल्या घरी कुणी जेवायला बोलावलं की आपण तसाच हात ठेवतो. पहिल्या 'नको'ला कुणी नकार मानत नाही, ती नुसती दाराची कडी. दुसऱ्यांदा ओढायची, तिसऱ्यांदा ओढायची, मग दार उघडतं आणि दोन्ही बाजूंची अब्रू राहते. तू हात तसाच ठेवून वाट बघत होतीस. थिनले आरशातून माझ्याकडे बघत होता. मी खिडकीबाहेर बघून म्हणाले, "या पुलावर रविवारी फार गर्दी असते."

पूल रिकामा होता.

आणि मला तुझ्या तोंडून 'का'चा निरोप आला! तुला आठवतं म्हणूनच तू तो पाठवलास. कांगलुंगला मी पोचले तो पहिला दिवस. वाटेत दरड कोसळली म्हणून माझी बस सहा तास अडकली होती. मी खोलीत शिरले तेव्हा मेस बंद झाली होती. तू मला ओळखतही नव्हतीस. तू विचारलं नाहीस, 'जेवणार का?' तू ताटलीवरचं झाकण काढलंस.

"नको नको, मी वाटेत खाल्लं."

"वाटेत काय, दरड खाल्लीस?"

"खरंच नको."

"तू नको म्हणत राहा, मी वाढत राहते. बघू कोण आधी दमतं."

मी दमले. लाल भात आणि मिरच्या-चीज, थंडगार झालेलं, वर साय धरलेली. मी रडत रडत खाल्लं आणि तू म्हणालीस, मिरची जास्त झाली वाटतं.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर. गेल्या पत्रात मी 'राहावं' असं लिहिलंय. 'का' नाही. पण शेवटी 'कळव' लिहिलंय. ते 'का'चंच भावंड झालं, नाही?

यांगचेन


पर्थ, २९ डिसेंबर

रिंझिन,

उत्तर नाही. थिनलेलाही विचारलं नाही मी.

गेल्या पत्रात मी सवयीवर भागवलं. तीन आठवडे ते वाक्य मला टोचतंय. सवय असती तर मी पुलाबद्दल खोटं बोलले नसते.

तू यायच्या आधीच्या वर्षी, ऑगस्टमध्ये, मी तुला लांबलचक पत्र लिहिलं होतं. त्याची नक्कल माझ्याकडे नाही, पण मला ते पाठ आहे. मी लिहिलं होतं की मी हॉस्पिटलात काम करते. माझं मास्टर्स संपत आलंय. नामगे खूश आहे. घरात एक खोली रिकामी आहे, तू फक्त ये, बाकीचं आपण दोघी बघू. ते पत्र वाचून तू राजीनामा दिलास, हे तू मला कधी ऐकवलं नाहीस. उलट त्या दिवशी नदीवर थिनलेला म्हणालीस, "हिच्या भरवशावर आले मी, नाहीतर मला काय कळतंय." अभिमानाने म्हणालीस.

हॉस्पिटलात काम करते हे खरं होतं. तळघरात, लॉन्ड्रीत. रोग्यांच्या चादरी मोठ्या यंत्रात घालायच्या आणि काढायच्या. चादरींत कधी दात सापडतात, कधी चष्मा, एकदा जपमाळ सापडली होती. मास्टर्स मात्र संपत आलं नव्हतं. दोन विषयांत मी नापास झाले होते, त्यातल्या एकात दोनदा. पंधरा वर्षं वर्गात उभं राहून शिकवलं, आणि तिथे पंचविशीतली मास्तरीण माझ्या वहीवर लिहायची, 'तुमचा मुद्दा काय आहे?' घरी आम्ही आमच्या आईंना सांगितलं होतं की मी पास झाले. आईंनी गोम्पात जाऊन दिवेसुद्धा लावले.

तू घरात राहायला आलीस की पहिल्या आठवड्यात सगळं तुझ्या लक्षात येणार होतं. कॉलेजात माझी गणितं तूच सोडवायचीस. तू काही बोलली नसतीस. तू फक्त सकाळी माझा निळा झगा दोरीवरून काढून, घडी घालून माझ्या खोलीत ठेवला असतास. तेवढंच मला सहन होणार नव्हतं.

म्हणून मी असा प्रश्न विचारला की ज्याला तू नकोच म्हणशील. मला ठाऊक होतं तू काय म्हणशील. वीसहून जास्त वर्षं ओळखत होते मी तुला. तुझ्या चांगल्या वळणाचाच मी उपयोग करून घेतला. हे वाक्य लिहायला मला अडीच वर्षं लागली.

संध्याकाळी नामगे कामावरून आला. त्याने सकाळीच खोली आवरली होती, कुणाकडून तरी गादी आणली होती, खिडकीला कापड लावलं होतं.

"कुठाय ती? सामान आणायला जाऊ?"

"नको म्हणाली."

"किती वेळा विचारलंस?"

"तीनदा," मी म्हणाले.

वहीत हे नाही.

आणखी एक. मार्च २०२३, तारीख मला माहीत आहे पण लिहीत नाही. सकाळचे अकरा. मी कामावरून घरी जायला बसमध्ये चढले आणि तू पुढून तिसऱ्या बाकावर होतीस. म्हाताऱ्यांच्या निवासातला गणवेश, मांडीवर पुस्तकांची पिशवी, डोकं काचेला. तोंड किंचित उघडं. तू जिथे राहत होतीस त्या अकरा माणसांच्या घरात पडद्यामागे तुझी गादी होती आणि दिवसा ती दुसऱ्या कुणाची असायची, हे थिनलेने मला सांगितलं होतं. तू कुठे झोपतेस हा प्रश्न मी स्वतःला विचारायचं टाळत होते, आणि तू माझ्यासमोर झोपली होतीस.

तुझ्या कॉलेजचा थांबा मला माहीत होता. तो आला. दार उघडलं, चार पोरं उतरली, दार बंद झालं. माझा हात तुझ्या खांद्यापासून एवढासा लांब होता. माझ्या अंगावर लॉन्ड्रीचा झगा होता, खिशावर नाव शिवलेलं. तू जागी झाली असतीस तर आधी ते नाव वाचलं असतंस.

मी पुढच्या थांब्यावर उतरले आणि घरी चालत गेले.

जूनमध्ये हजेरी भरली नाही म्हणून कॉलेजने तुझं नाव कमी केलं. एका दिवसाने काही होत नसतं, असं मी स्वतःला पुष्कळदा समजावलं. हिशेबाने ते बरोबरही असेल. पण हजेरी घेत जिची वीस वर्षं गेली ती बाई हजेरीपायी परत गेली, आणि आता ज्या शाळेत व्हाइस-प्रिन्सिपल होती तिच्याच फाटकासमोर वह्या-पेन्सिली विकतेय. पोरं अजून तुला 'मॅडम' म्हणतात, थिनले सांगतो. सुटे पैसे देताना दोन्ही हातांनी देतात.

काल नामगेला खरं सांगितलं. तो मुळे सोलत होता.

"तीनदा नव्हतं विचारलं. एकदाच."

"माहितीय."

"काय माहितीय?"

"थिनलेने त्याच आठवड्यात सांगितलं होतं."

"मग बोलला का नाहीस? अडीच वर्षं?"

तो म्हणाला, "तू तीनदा म्हणालीस. मला वाटलं, तीनदा विचारायचं असतं एवढं तरी हिला आठवतंय, म्हणजे उद्या जाऊन घेऊन येईल तिला. तू गेली नाहीस. मग मला तुझी लाज वाटायला लागली, आणि बायकोची लाज वाटते हे कसं सांगायचं, ते मला कळेना."

मुळे सोलून झाल्यावर त्याने सालं गोळा केली आणि अंगणात लिंबाच्या बुंध्याशी नेऊन टाकली.

तुला हे सगळं कशाला सांगतेय? मन मोकळं करायला असेल, तर तो तुझ्यावर आणखी एक भार. तू माफ करावंस म्हणून असेल, तर ती पुन्हा माझीच सोय. मी दोन्ही कारणं तपासली, आणि दोन्ही थोडी थोडी खरी आहेत. पण तिसरंही आहे. सेल्डन येतेय, आणि ती खोली खरंच रिकामी आहे.

यांगचेन


पर्थ, १९ जानेवारी २०२५

रिंझिन,

सेल्डन आमच्याकडे राहील. विचारत नाही, सांगतेय. कळवू नकोस. आम्ही ९ तारखेला विमानतळावर असू, मी, नामगे आणि थिनले. तिच्यासाठी टेबल घेतलंय. लिंबं पिकलीत.

तू नको म्हणत राहा.

य.


पर्थ, ९ फेब्रुवारी

रिंझिन,

सेल्डन सुखरूप पोचली. हे तिने तुला कळवलंच असेल. तरी लिहिते.

दुपारी सव्वाबाराला बाहेर आली. दोन बॅगा, एक पाठीवर. मी तिला सहा वर्षांची असताना पाहिलं होतं. लांबून चालत येताना ती मला क्षणभर तूच वाटली, तोच एक खांदा थोडा खाली. थिनलेने फुलांच्या ऐवजी मिरच्यांची जुडी आणली होती, तिच्या हातात दिली आणि म्हणाला, "वेलकम! मी दाशो थिनले, सतरा मजल्यांचा—"

"मालक," ती म्हणाली. "आईने सांगितलंय." आणि हसली. थिनलेचे डोळे भरून आले. त्याने नाकच शिंकरलं मोठ्याने.

मी पुढे होऊन तिच्या मोठ्या बॅगेची मूठ धरली. घरून निघताना मी ठरवून आले होते. प्रश्न नाही, इंग्रजी नाही. "चल, गाडी तिकडे आहे. भात झालाय."

"नको, आंटी. थँक यू," ती म्हणाली. "मी राहायचं ठिकाण ठरवून आलेय. आम्ही तिघीजणी मिळून घर घेतलंय. त्यातली एक बाहेर थांबलीय."

"अगं, खोली तयार आहे. एकच बस. नामगे अंकलने टेबल मांडलंय."

"नको, आंटी."

तिचे दोन्ही हात बॅगांवर होते. मी तिच्या हातांकडेच बघत होते. मग मी हसून, अगदी तुझ्या आवाजात, म्हणाले, "तू नको म्हणत राहा, मी वाढत राहते. बघू कोण आधी दमतं."

ती हसली नाही. तिने माझ्याकडे नीट पाहिलं, वेळ घेऊन, तू वर्गात चुकलेल्या पोराकडे बघत असशील तसं, रागाशिवाय.

"आंटी, आई म्हणाली होती तुम्ही हे म्हणाल."

"आणखी काय म्हणाली?"

तिने थिनलेकडे बघितलं. थिनले मिरच्यांकडे बघत होता.

"सांग ना."

"म्हणाली, ती तीनदा विचारेल. विचारू दे. मध्येच तोडू नकोस, तिला ते पुरं करायचंय. पण हात तोंडावर नेऊ नकोस. तिथे पहिल्यांदा म्हटलं तेच धरतात." मग ती म्हणाली, "आणि तिसऱ्यांदा झालं की वाकून नमस्कार कर, म्हणाली."

आणि तिने केला. दोन्ही हात पुढे, नीट वाकून, तू शिकवल्यासारखा. मग माझ्या बोटांखालून बॅगेची मूठ अलगद काढून घेतली. मी ती अजून धरून होते हे मला तेव्हा कळलं.

मी तिला विचारलं, माझी पत्रं आईने वाचली? 'का' लावून विचारलं, कारण मला खरंच माहीत नव्हतं. ती म्हणाली, "सगळी वाचली. दुकानात, गिऱ्हाईक नसताना. शेवटचं लांब पत्र मला मोठ्याने वाचून दाखवलं."

"मग?"

"मग म्हणाली, आता तिने खरं लिहिलंय. आणि मला वह्यांचा गठ्ठा फळीवर ठेवायला सांगितला."

नामगेने तिच्या दोन्ही बॅगा उचलल्या, तिने नको म्हटलं तरी उचलल्या, आणि बाहेर तिच्या मैत्रिणीच्या गाडीपर्यंत नेऊन ठेवल्या. त्याला तिने अडवलं नाही.

घरी आलो. तिघांनी मिळून चौघांचा भात खाल्ला. थिनले जाताना दारात म्हणाला, "पोरगी पक्की आहे. आईने घडवलंय." मी म्हणाले, मीसुद्धा थोडंसं. तो जोडे घालू लागला, आणि मला ते बोलल्याची लाज वाटली.

मी तुला दोष देत नाही. तू शिकवलंस ते बरोबर शिकवलंस. इथे तिला ते लागेल. पण आपल्या गावात शेकडो वर्षं जो हात तोंडावर जात आला, तो तुझ्या घरी तिच्यापाशी थांबला आणि तो मी थांबवला, एवढं मला लिहून ठेवायचं होतं.

खोलीचं दार उघडंच ठेवलंय. आजची वही लिहून झाली. 'से. आली. आपल्याकडे राहायला विचारलं. नको म्हणाली. तीनदा विचारलं.'

या वेळी ते खरं आहे.

यांगचेन